किती फुटी पाहिजे? बुटीबोरीच्या शेडवरच्या बूमलिफ्टच्या नोंदी

21 एप्रिल, सोमवार

सकाळी साडेसहालाच नागपूरजवळच्या बुटीबोरीला पोचलो. या दिवसांत दहानंतर पत्र्याकडे मान वर करून बघवत नाही. शेड जुनी, तीन गाळ्यांची. पन्हळ जमिनीपासून 12.5 मीटरवर. पूर्वेची आणि पश्चिमेची पन्हळ बदलायची आहे, सोबत भिंतीच्या सगळ्यात वरच्या ओळीतले पत्रे. आत 10.2 मीटरवर फायर लाइनचा हेडर, म्हणजे आगीच्या पाण्याचा मुख्य पाइप, लटकलेला आहे, त्याचे सपोर्ट गंजून गेलेत. ते बदलायचे आणि रंग मारायचा. शिवाय दोन इमारतींच्या मधल्या चौकात किरकोळ दुरुस्ती.

पूर्वेच्या भिंतीला टेकून कॉम्प्रेसरची पडवी आहे. खोली 6 मीटर, बाहेरच्या कडेची उंची 5.5 मीटर. वर जुने सिमेंटचे पत्रे, त्यावर पाय ठेवायचा प्रश्नच नाही. पडवीसमोर 7 मीटरचा रस्ता, दिवसभर डिस्पॅचचे ट्रक. पश्चिमेला मोकळी जमीन, काळी माती, भिंतीपासून 9 मीटरवर 11 केव्हीची विजेची लाइन.

(नंतर जोडलेलं: सगळी मापं याच दिवशी वहीत होती. तरी पुढच्या सोमवारी जे व्हायचं ते झालंच.)

22 एप्रिल, मंगळवार

बूमलिफ्ट, म्हणजे लांब बाहूच्या (बूमच्या) टोकाला माणसांची बास्केट असलेलं मशीन, भाड्याने देणाऱ्या तीन यार्डांना फोन केले. तिघांचाही पहिला प्रश्न एकच: "किती फुटी पाहिजे साहेब?" मी म्हटलं, पन्हळ साडेबारा मीटरवर, म्हणजे 41 फूट. तिघांचंही उत्तर एकच, 45 फुटी घ्या, आरामात होते.

हा फुटांचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकन मशीनच्या नावातला आकडा बहुधा बास्केटच्या तळाची उंची सांगतो, फुटांत. 450 म्हणजे 45 फूट, 600 म्हणजे 60 फूट. युरोपातल्या बऱ्याच मशीनच्या नावात मात्र कामाची उंची असते, मीटरमध्ये. कामाची उंची म्हणजे तळाच्या उंचीत उभ्या माणसाचे साधारण 2 मीटर मिळवायचे. त्यामुळे एका यार्डात जे 45 फुटी तेच दुसऱ्याकडे 16 मीटरी म्हणून मिळतं, आणि आपल्याला वाटतं दुसऱ्याने मोठं मशीन दिलं.

भाड्याच्या अटी सगळ्यांच्या सारख्याच. महिन्याचे 26 दिवस, रोजचे 8 तास, डिझेल आपलं, ऑपरेटरचं राहणं-खाणं आपलं, ट्रेलरचं येणं-जाणं आपलं. मशीन एक दिवस ठेवा की महिनाभर, ट्रेलरचे पैसे तेच.

45 फुटी, डिझेल, आर्टिक्युलेटेड ठरवलं. आर्टिक्युलेटेड म्हणजे कोपरातून वाकणारी. पडवीवरून वाकून भिंतीपर्यंत जायचं असल्यामुळे सरळ बूम नको, एवढं कळत होतं. सोमवारसाठी सांगितलं.

28 एप्रिल, सोमवार

मशीन आठ वाजता उतरलं. साडेनऊला पहिली उचल. ऑपरेटर काटोलकडचा, हात हलका, बास्केट पडवीवरून अगदी अलगद नेली. मग थांबला आणि वरूनच ओरडला, "साहेब, बूम तं संपला!"

मी खालून बघत होतो. बास्केट पन्हळीच्या उंचीला होती, थोडी वरच म्हणा. पण भिंत पुढे होती. बास्केटमधला फिटर हात लांब करून दाखवत होता, बोटाच्या टोकापुढे सगळी मोकळी हवा. दोरीला वजन बांधून अंतर मोजलं, 1.7 मीटर.

फिटरने तेवढ्यात रेलवर एक पाय ठेवला. "दोन मिन्टाचं काम आहे साहेब, हूक लावून राहिलो ना." मी खालून जे ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बास्केट खाली घेतली आणि काम बंद केलं. रेलवर, मधल्या दांडीवर किंवा बास्केटमध्ये डबा ठेवून त्यावर चढायचं नाही. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि दीड मीटर कमी पडलं की सगळे विसरतात. मशीन चुकीचं आणलं की त्याची भरपाई वरचा माणूस अंगाने करायला बघतो. चूक त्याची नव्हती, माझी होती.

मशीन पडवीच्या आणखी जवळ नेता येईना. चाकं पडवीच्या भिंतीपासून हातभर अंतरावरच होती.

संध्याकाळी मोठ्या साहेबांचा फोन आला. ट्रेलरचे पैसे कोणाच्या खात्यात टाकायचे, एवढंच विचारलं. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

29 एप्रिल, मंगळवार

हे काम 21 तारखेलाच करायला हवं होतं. घरी बसून आलेख कागदावर शेड काढली, 1 सेंटिमीटरला 1 मीटर. भिंत, पन्हळ, पडवी, रस्ता. मग मशीनचा रेंज चार्ट, म्हणजे बास्केट कुठवर पोचते त्याचं चित्र, झेरॉक्सवाल्याकडून त्याच मापात छोटा करून बटर पेपरवर उतरवला. आता बटर पेपर शेडच्या चित्रावर ठेवून सरकवत राहायचं.

रेंज चार्टची बाहेरची रेघ पोट सुटलेल्या माणसासारखी असते. 45 फुटीचं पोट 7 मीटर उंचीच्या आसपास सगळ्यात पुढे येतं, तिथे आडवी पोच साडेसात मीटर. जाहिरातीत छापतात तो आकडा हाच. तिथून वर गेलं की रेघ आत वळते. मला बास्केटचा तळ 11.3 मीटरवर हवा होता, म्हणजे पन्हळ फिटरच्या छातीसमोर येते. त्या उंचीला पोच 6 मीटरच्या आसपास. आणि लागत होती किती? टर्नटेबलच्या, म्हणजे ज्यावर बूम फिरतो त्या चकतीच्या, मध्यापासून पडवीची कड 2 मीटर, पुढे पडवी 6 मीटर, एकूण 8. बास्केट भिंतीच्या थोडी अलीकडे थांबली तरी चालते, म्हणून 7.7 धरा. सोमवारचे 1.7 मीटर कागदावर जसेच्या तसे निघाले.

म्हणजे बारा मीटरवरच्या कामाला 45 फुटी उंचीला पुरतं आणि अंतराला पुरत नाही. यार्डवाल्यांनी खोटं काही सांगितलं नाही. मी उंची विचारली, त्यांनी उंची सांगितली.

मग सरळ बूमचं बघितलं. 60 फुटी टेलिस्कोपिकची आडवी पोच 15 मीटर असते, मनात आलं यात पाहिजे तेवढं मिळतंय. कागदावर पट्टी ठेवली. एक टोक बूमच्या बिजागरीवर, जमिनीपासून साधारण 2 मीटर. दुसरं पन्हळीपाशी. मशीन पडवीपासून अडीच मीटरवर उभं केलं तर पट्टी पडवीच्या कडेला 4.7 मीटर उंचीवरून जाते. कड आहे साडेपाचवर. म्हणजे बूम सरळ पडवीत घुसला. मशीन मागे मागे नेत गेलो. कडेवर अर्धा मीटर मोकळं राहील अशी जागा साडेचार मीटरवर मिळाली. तिथून आडवं अंतर साडेदहा मीटर, ते 60 फुटीला जड नाही. पोचतं. पण मशीन येतं रस्त्याच्या मधोमध.

2 मे, शुक्रवार

काल सुट्टी होती. आज साइट ऑफिसात प्लांटचे मेंटेनन्सवाले साहेब, आमचे मोठे साहेब आणि मी. समोर तर्री पोहे आणि माझा बटर पेपर.

मेंटेनन्सवाल्या साहेबांचा कल टेलिस्कोपिककडे. मुद्दा बरोबरच होता. सरळ बूमला सांधे कमी, बास्केट सरळ रेषेत झटकन जाते, लांब भिंतीवर एका जागेवरून जास्त लांबी उरकते. पश्चिमेच्या मोकळ्या बाजूला तर तेच शोभतं. पण पूर्वेला मशीन साडेचार मीटरवर उभं राहिलं, रुंदी अडीच, तर पलीकडे उरतो जेमतेम सव्वा मीटर. त्यात बूम फिरवला की मागचं काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारं वजन, चाकांच्या बाहेर मीटरभर झुलतं. म्हणजे ट्रक पूर्ण बंद. डिस्पॅच बंद करायचा तर हे काम दिवाळीतच, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

60 फुटी आर्टिक्युलेटेडचा बटर पेपर सरकवला. आडवी पोच 12 मीटर, कोपरावरून ओलांडायची उंची 8. पडवीपासून अडीच मीटरवर उभं, पडवी ओलांडून साडेआठवर बास्केट, पलीकडे सव्वातीन मीटर रस्ता मोकळा. काउंटरवेट जवळपास चाकांच्या आतच फिरतं. एका वेळी एक ट्रक, झेंडेवाला उभा करून, जाऊ शकतो. वजन 10 टनांच्या वर, पण रस्ता काँक्रीटचा आहे.

कोणीतरी रस्त्यावरचे दिवे बदलणाऱ्या गाडीबद्दल विचारलं, ट्रकवर बसवलेली. ती एका खांबाकडून दुसऱ्याकडे पळायला चांगली. आपल्याकडे प्रत्येक तीन मीटरला आउटरिगर, म्हणजे गाडीचे टेकू, उचला, गाडी सरकवा, पुन्हा टेका. शिवाय आउटरिगर पसरले की रस्ता तेवढाच अडतो.

60 फुटी आर्टिक्युलेटेड ठरलं. पश्चिमेला तेच वापरायचं. तिथे टेलिस्कोपिकने काम लवकर झालं असतं हे मलाही माहीत आहे, पण दोन दिवस वाचवायला दुसरा ट्रेलर कोण बोलावणार.

6 मे, मंगळवार

मशीन आलं. कागदपत्रं पाहिली. ऑपरेटरकडे आयपीएएफचं, म्हणजे अशा मशीनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, कार्ड आहे, त्यावर 3बी, म्हणजे चालत्या बूमचा वर्ग. सरळ वर जाणाऱ्या सीझर लिफ्टचा वर्ग वेगळा, 3ए. हे कार्ड नुसतं चमकवतात, वर्ग कोणी वाचत नाही.

सुरुवातीच्या तपासणीत खालून उतरवायचा सराव घेतला. वरचा ऑपरेटर चक्कर येऊन पडला असं धरायचं आणि खालच्या माणसाने खालच्या पॅनेलवरून बास्केट उतरवायची. परांची बांधणाऱ्या रिगर मामांना पुढे केलं. मामा पॅनेलपाशी गेले, झाकण उघडलं, आणि नुसतेच बघत राहिले.

"मामा, काय झालं?"

"चाबीच नाई इथं."

चावी वरच्या ऑपरेटरच्या खिशात. खाली-वर निवडायचा खटका चावीचाच असतो. ऑपरेटरने तो बास्केटवर ठेवून चावी काढून घेतली, खाली कोणी खोडी करू नये म्हणून. त्याच्या मते ही काळजी होती. वरचा बेशुद्ध झाला असता तर आम्ही खाली उभे राहून त्याच्याकडे बघत बसलो असतो. आता चावी पॅनेललाच राहील आणि पॅनेलपाशी माणूस राहील. मामांकडून तीनदा उतरवून घेतलं. तिसऱ्यांदा इंजिन बंद करून, बॅटरीवर चालणाऱ्या आपत्कालीन पंपावर. हळू येतं, पण येतं.

7 मे, बुधवार

सहा ते साडेदहा काम, मग चार ते पावणेसात. पूर्वेची जुनी पन्हळ 18 मीटर उतरली. बास्केटची लोखंडी रेल दुपारी हाताला लागत नाही, गोणपाट गुंडाळलं.

9 मे, शुक्रवार

सकाळी प्लांटच्या सेफ्टीवाल्या साहेबांनी काम थांबवलं. म्हणणं असं की उंचीवर काम म्हणजे दोन दोऱ्यांची, शॉक अ‍ॅब्सॉर्बरची लॅनयार्ड (कंबरपट्ट्याला हुकाशी जोडणारा पट्टा) हवी आणि एक हूक कायम इमारतीच्या लोखंडाला हवा. परांचीवर आणि छतावर हा आग्रह अगदी योग्य. बास्केटमध्ये उलटा.

मी त्यांना वर नाही नेलं, खालीच दाखवलं. बास्केट जमिनीपासून फूटभर उचलली, आत मामा, मामांचा हूक बाजूच्या खांबाला. ऑपरेटरला म्हटलं बास्केट थोडी बाजूला घे. मामांचा पट्टा ताणला आणि मामा रेलवर ओणवे झाले. मशीन हलतं, इमारत हलत नाही, मध्ये माणूस. बास्केटमधला हूक बास्केटच्याच कडीला लागतो, आणि पट्टा इतका आखूड ठेवतात की माणूस रेलबाहेर जाऊच नये. बूमचं चाक खड्ड्यात आदळलं तर खालचा झटका वर पोचेपर्यंत कितीतरी मोठा होतो, बास्केटमधला माणूस गोफणीतल्या दगडासारखा फेकला जातो. आखूड पट्टा त्यासाठी. लांब पट्टा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर असेल तर माणूस आधी बाहेर जाईल, मग लटकेल.

साहेबांनी मशीनवरचं स्टिकर वाचलं, मॅन्युअलचं पान मागितलं, त्याचा फोटो काढून घेतला आणि परमिटवर सही केली. दीड तास गेला. पण मला हा माणूस आवडला. न वाचता सही करणारे जास्त भेटतात.

13 मे, मंगळवार

आतलं काम. आत डिझेल मशीन चालवायचं नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. धूर, आवाज आणि खाली चालू लाइन.

सीझर लिफ्ट स्वस्त, बास्केट ऐसपैस, माल भरपूर घेते. पण ती सरळ वर जाते, बस. हेडर प्लांटच्या मशीनच्या लाइनवर, गल्लीपासून 3 मीटर आत आहे, सीझर गल्लीतच उभी राहणार. जिथे हेडर गल्लीवर येतो तो 14 मीटरचा तुकडा तेवढा सीझरवर होईल. प्लांटची स्वतःची सीझर आहे, ती मागून घेतली.

बाकीच्याला 30 फुटी अरुंद इलेक्ट्रिक आर्टिक्युलेटेड. रुंदी 1.2 मीटर, गल्ली 2.6 मीटरची. तळ 9 मीटरवर, त्यामुळे 10.2 वरचा हेडर छातीसमोर. कागदावर सगळं जमलं. या वेळी बटर पेपर आधी सरकवला होता.

अडलं ते जमिनीत. मशीन दिसतं खेळण्यासारखं, वजन 6 टनांच्या वर. अरुंद मशीन उलटू नये म्हणून त्याच्या पोटात वजन भरतात. जितकं अरुंद तितकं जड, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. आणि गल्लीच्या मधून केबल ट्रेंच, म्हणजे केबलचा चर, गेली आहे, वर तयार काँक्रीटची झाकणं. बूम एका कोपऱ्यावर वळला की मशीनचं जवळपास निम्मं वजन त्या एका चाकावर येतं. म्हणजे सहा टन भागिले चार हा हिशेब इथे कामाचा नाही, तीन टन एका चाकाखाली धरायचे, तेही तळहाताएवढ्या जागेवर.

प्लांटच्या सिव्हिलवाल्यांकडून झाकणांचं ड्रॉइंग मागितलं. ड्रॉइंग मिळालं नाही. मग झाकण कितीही मजबूत असो, आपल्यासाठी ते नाहीच असं धरलं. ट्रेंच दोनच ठिकाणी ओलांडायची, बूम पूर्ण मिटून, दोन्ही कडांवर टेकेल अशी जाड लोखंडी प्लेट टाकून. ओलांडल्याशिवाय बूम उघडायचा नाही. ट्रेंचच्या दोन्ही बाजूंनी पिवळा पट्टा मारला, चाक पट्ट्याच्या आत आलं की काम बंद.

मशीन 48 व्होल्टवर चालतं, 6 व्होल्टच्या आठ बॅटऱ्या. रात्रभर चार्जिंग. पहिल्या रात्री सुरक्षा रक्षकाने वीज वाचवायला बटण बंद केलं. सकाळी तीन तास वाया. आता बोर्डावर मराठी, हिंदी दोन्हीत चिठ्ठी आहे आणि त्याच्या शेजारी त्याच्यासाठी चहाचा थर्मास.

17 मे, शनिवार

दुपारी साडेचारला पश्चिमेकडून काळं भरून आलं. या दिवसांत नागपूरचं वादळ आधी धूळ पाठवतं, पाऊस मागून येतो. बूमलिफ्टवर बाहेरच्या कामाला वाऱ्याची मर्यादा लिहिलेली असते, 12.5 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी 45 किलोमीटर. काही इलेक्ट्रिक मशीनवर शून्य लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ फक्त आत वापरा, बाहेर नाही.

आमच्याकडे हातातलं वाऱ्याचं मीटर आहे, ते बास्केटमध्येच ठेवतो. जमिनीवर झुळूक असते तेव्हा बारा मीटरवर चांगलाच वारा असतो. आज 8 दाखवल्यावरच खाली बोलावलं. ऑपरेटर म्हणाला, अजून चार बाकी आहेत ना साहेब. मी म्हटलं, वाऱ्याला ते माहीत नाही. दहा मिनिटांनी पार्किंगमधलं कनातीचं छप्पर उडून कुंपणावर बसलं.

पत्रे बास्केटमधून न नेण्याचं कारणही आज सगळ्यांना दिसलं. एक मीटर बाय सहा मीटरचा पत्रा बास्केटला टेकवला की ते शीड झालं. वजनाचंही तसंच. बास्केटची क्षमता 230 किलो. दोन माणसं 160, हत्यारं आणि बोल्ट 25, उरले 45. पन्हळीचा 3 मीटरचा तुकडा 2 मिलिमीटर जाड, उलगडून 90 सेंटिमीटर रुंद, त्याचं वजन 42 किलो. कागदावर बसतो. पण पन्हळ रेलबाहेर लटकते, वजन एका कडेला जातं. म्हणून माल वेगळ्या क्रेनने वर देतो आणि बास्केटमधली माणसं फक्त पकडून बोल्ट मारतात. क्रेनचं भाडं जास्तीचं, आधी बजेटमध्ये धरलं नव्हतं. धरायला हवं होतं.

20 मे, मंगळवार

चौकाचा विषय. आत यायला एकच फाटक, 1.1 मीटरचं, आणि आत पेव्हर ब्लॉक, त्यांच्याखाली पाण्याची टाकी. इथे स्पायडर लिफ्ट हवी. रबरी पट्ट्यांवर चालते, मिटल्यावर दारातून जाते, चार पाय पसरून उभी राहते. 18-20 मीटरवाल्या मशीनचं वजनही अडीच-तीन टनच. ऐकायला छान. पण नागपुरात मला कोणाच्या यार्डात मिळाली नाही, बाहेरून आणायची तर काम चार दिवसांचं आणि भाडं महिन्याचं. आमच्या ऑपरेटरचं कार्डही चालणार नाही. स्पायडर पाय टेकून उभी राहूनच काम करते, म्हणून तिचा वर्ग 1बी. आणि तिचा एक पाय टाकीच्या स्लॅबवर येतच होता.

परांची बांधली. मामा खूश. गेले तीन आठवडे त्यांना वाटत होतं या यंत्रांनी त्यांची भाकरी घेतली. सकाळी उभे पाइप मोजताना गुणगुणत होते.

26 मे, सोमवार

कालपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला, आणि काल रात्रीच अर्धा तास पाऊस. नवतपात पाऊस आला की पुढचा पावसाळा बिघडतो म्हणतात. आमचा सोमवार तरी बिघडला.

मशीन शनिवारी पश्चिमेच्या बाजूला नेलं होतं. शनिवारी काळी माती दगडासारखी होती, भेगांत हात जाईल अशी. आज वरून सुकलेली दिसत होती. सात मीटर गेल्यावर मागचं उजवं चाक वीतभर खाली गेलं. बूम मिटलेला होता म्हणून नुसता चिखलाचा विषय. टिल्टचा, म्हणजे मशीन कलल्याचा, अलार्म वाजायला लागला. ऑपरेटरने लगेच थांबवलं, ते बरं केलं. अशा वेळी गिअर मारत राहिलं तर चाक स्वतःच स्वतःचा खड्डा खणतं.

मशीनच्या पत्रकात चढावर चालायचा एक आकडा असतो, 40-45 टक्के, आणि तो बघून लोक म्हणतात हे कुठेही जातं. तो मिटलेल्या बूमचा. बूम उघडून काम करायला जमीन जवळजवळ सपाट लागते, चार-पाच अंशांवर अलार्म. चारही चाकांची ओढ असलेलं मशीन चिखलातून निघू शकतं, चिखलावर उभं राहू शकत नाही.

दुपारी ट्रॅक्टरने मुरूम. भिंतीपासून 2 ते 5 मीटरच्या पट्ट्यात 8 इंच, रोलर फिरवून. वर 20 मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटा, मशीनच्या पुढे टाकायच्या, मागच्या उचलायच्या.

28 मे, बुधवार

मुरुमावर मशीन शांत उभं राहिलं. आता भीती विजेच्या लाइनची. मशीनवरच्या स्टिकरवर 50 केव्हीपर्यंत 3.05 मीटर अंतर छापलेलं आहे. सगळ्यांचे डोळे बास्केटवर असतात आणि बास्केट भिंतीकडे असते, लाइनपासून लांब. पण आर्टिक्युलेटेडचा खालचा बूम उचलला की कोपर वर आणि मागे सरकतं, आणि मागे लाइन आहे. वरच्या माणसाला आपल्या पाठीमागचं कोपर दिसत नाही. लाइनपासून 4 मीटर अलीकडे बांबू रोवून लाल चिंध्यांची दोरी बांधली. एक माणूस फक्त कोपर बघायला. त्याला दुसरं कोणतंही काम सांगायचं नाही, पाणी आणायलाही नाही. पहिल्याच तासात मीच त्याला पाना आणायला पाठवणार होतो, त्यानेच मला आठवण करून दिली.

पश्चिमेची पन्हळ रोज 14-15 मीटर. टेलिस्कोपिक असतं तर 20 झाली असती. मेंटेनन्सवाले साहेब येऊन बघून गेले, बोलले काही नाही, नुसते हसले.

4 जून, बुधवार

पश्चिमेच्या पन्हळीत टँकरचं पाणी सोडून बघितलं. दोन सांधे गळले, सीलंट पुन्हा मारलं. आतलं इलेक्ट्रिक मशीन परवाच गेलं.

60 फुटी उद्या ट्रेलरवर चढेल. तासांच्या मीटरचा फोटो, चारही टायरचे फोटो, बास्केटच्या डाव्या कोपऱ्यातला जुना पोच मशीन आलं त्या दिवशीच्या फोटोशी जुळवून घेतला, नाहीतर त्याचेही पैसे कापतात. चावी यार्डाच्या माणसाच्या हातात दिली.

कळमेश्वरच्या कामाचा फोन आला होता. गोडाऊन आहे, पत्रे बदलायचे. पहिलंच वाक्य, "उंची 9 मीटर आहे, किती फुटी मशीन लागेल?" मी विचारलं, भिंतीला लागून काय आहे? म्हणाले, ते बघावं लागेल. शनिवारी टेप घेऊन जातोय.